चाळीस झाडांचा ताण

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाकडून आत वळणाऱ्या एका गल्लीत, एका घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे. त्या खोलीत दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आठ-दहा पोरंपोरी जमतात. शाळेशी या खोलीचा काही संबंध नाही. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, गणवेश तर नाहीच. वीज खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनीअर ती चालवतात. सगळे त्यांना सर म्हणतात म्हणून मीही म्हणते. माझी मुलगी नववीत गेली त्या उन्हाळ्यात मनीषनगरहून गाडीवर बसवून मी तिला तिथे पहिल्यांदा सोडायला गेले. तिला सोडायचं, भाजी घ्यायची आणि बाराला परत यायचं, एवढाच माझा बेत होता.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. लोकांच्या अर्जांतल्या चुका काढून ते परत पाठवणं हे माझं काम, आणि ते मला फार चांगलं जमतं. जिभेला हाड नाही असं माझ्याबद्दल कचेरीत बोलतात, तेही खोटं नाही. मुलगी मात्र माझ्या अगदी उलट. शाळेत कोणी प्रश्न विचारला की ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभी राहायची. विज्ञानाची उत्तरं ती पाठ करून लिहायची आणि पेपर झाला की विसरायची. शेजारच्या एकीनं या खोलीबद्दल सांगितलं तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की पोरगी घराबाहेर पडून चार माणसांत बोलेल तरी.

त्या खोलीचा एक नियम होता. पहिल्या दिवशी नवीन वस्तूला हात लावायचा नाही. घरातली एखादी मेलेली वस्तू आणायची, उघडायची आणि ती कशानं मेली ते सांगायचं. आम्ही आमचा बंद पडलेला मिक्सर नेला होता. सरांनी मुलीच्या हातात पेचकस दिला आणि ते दुसऱ्या पोराकडे निघून गेले. मी दारातच थांबले, कारण ही आता रडणार याची मला खात्री होती. ती रडली नाही. तिनं एकेक स्क्रू काढून वहीच्या पानावर ओळीनं मांडला, प्रत्येकाशेजारी तो कुठला ते लिहिलं आणि मिक्सरचं पोट उघडलं. आत तांब्याच्या तारेचा केवढा मोठा गुंडाळा होता! वीस वर्षं चटण्या वाटल्या, पण मी तो कधी पाहिला नव्हता. तासाभरानं तिनं झिजून नखाएवढा राहिलेला कोळशाचा एक तुकडा चिमटीत धरून वर केला आणि म्हणाली, “सर, हे घासून संपलं. म्हणून करंट आत जाऊन नाही राहिला.” खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मी आत जाऊन कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. त्या दिवशी भाजी आणायची राहून गेली, आणि पुढच्या रविवारपासून मी भाजी आदल्या दिवशी घेऊन ती त्या खुर्चीवर बसून निवडू लागले.

सरांचा दुसरा नियम वहीचा. कोणाला काही बनवायचं असलं की वहीच्या पहिल्या पानावर आधी लिहायचं, ‘कोणाकोणाला विचारलं?’ ती वस्तू जो वापरणार, जो दुरुस्त करणार, जिच्या अंगणात ती बसणार, त्या सगळ्यांना विचारायचं. आणि वस्तू फसली तर शेवटच्या पानावर लिहायचं, ‘कोणाला विचारायचं राहिलं?’ सर म्हणायचे, “चूक मशीनची कमी राहते. विचारायचं राहिलेलं माणूसच नडते.” पोरं हसायची, पण लिहायची.

श्रावणातल्या एका रविवारी मुलीनं एका कुंडीतल्या कोरड्या मातीत दोन दातांचा एक चपटा काटा खुपसला. काट्याला वायर, वायरला तळहाताएवढी सर्किटची पाटी, पाटीला छोटा पडदा. पडद्यावर आकडा आला, अकरा. तिनं कुंडीत वाटीभर पाणी घातलं. आकडा हलला. सतरा, तेवीस, चाळीस, अठ्ठावन्न. पाणी खाली उतरत होतं आणि आकडे वर चढत होते. माती ओली आहे की कोरडी हे सांगायला माझे बाबा मातीची मूठ दाबायचे. मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर पाणी द्यायचं, टिकला तर थांबायचं. बाबांनी उभ्या आयुष्यात हजारो वेळा दाबलेली ती मूठ माझ्यासमोर आकडा होऊन बोलत होती, आणि तिला बोलतं केलं होतं माझ्या पोटच्या पोरीनं, जी वर्गात हजेरीसुद्धा हळू आवाजात द्यायची. मी मेथी तशीच टाकून कुंडीजवळ जाऊन उभी राहिले. “काय झालं वं आई?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “काही नाही. अजून एक वाटी घाल.”

माझं माहेर नरखेड तालुक्यात आहे. तिथे माझ्या मोठ्या भावाची, दादाची, संत्र्याची बाग आहे. घराजवळच्या जुन्या विहिरीवर एक लहान मोटर आहे आणि तिच्यावर चाळीस झाडं भिजतात. ती बाबांनी लावलेली. बाकी बाग पलीकडच्या बोअरवर आहे. दिवाळीच्या आधी दादा नागपूरला आला तेव्हा भाचीनं त्याला कुंडी दाखवली. त्यानं स्वतः दोन वाट्या पाणी घालून पाहिलं. मग म्हणाला, “हे माह्या विहिरीवर लाव न वं पोरी. लाईन एक हप्ता दिवसा राहते, एक हप्ता रात्री. थंडीत उठून बटन दाबायले जा लागते.”

तिनं वही उघडली. कोणाकोणाला विचारलं? मामाजींना विचारलं, मोटर किती ताकदीची, दिवसाला किती पाणी लागतं. गावच्या वायरमनला फोनवर विचारलं. सरांना विचारलं. मोटरच्या जोडणीला पोरांनी हात लावायचा नाही हा सरांचा दंडक होता, म्हणून ते काम वायरमननंच केलं. जेवणाच्या एका डब्यात ती पाटी बसवून, झाकणाला मेण लावून आम्ही दोघी दिवाळीत काटोलमार्गे एसटीनं गेलो. माती कोरडी झाली की डब्यात टक् असा आवाज व्हायचा आणि विहिरीवरची मोटर सुरू व्हायची. माती भिजली की पुन्हा टक्, आणि मोटर बंद. ठिबकच्या नळ्यांतून चाळीस झाडांच्या बुडाशी पाणी थेंब थेंब पडायचं. पहिल्यांदा मोटर आपोआप सुरू झाली तेव्हा दादा दोन पावलं मागे सरला, मग हसला, मग शेजाऱ्यांना बोलावून आणायला स्वतः गेला. पाच-सहा माणसं डब्यासमोर उकिडवी बसून टक् होण्याची वाट पाहत होती, आणि मुलगी त्यांना सगळं समजावून सांगत होती. तिचा आवाज चांगला खणखणीत आहे हे मला त्या दिवशी कळलं.

डिसेंबर लागता लागता बागेतली संत्री उतरली. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी दादाचा फोन आला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, “तुह्या पोरीच्या डब्यानं बाबाची झाडं हिरवीगार ठेवली वं. येऊन पाय.”

ऐकल्याबरोबर मला त्याचा अर्थ कळला. फळं उतरली की संत्र्याच्या झाडांना आम्ही ताण देतो. म्हणजे पाणी तोडतो. महिना, दीड महिना, जमीन भारी असली तर त्याहूनही जास्त. झाड सुकतं, पानं वळतात, काही गळतात. अशा तहानेल्या झाडाला मग खत-पाणी दिलं की ते सगळं बळ एकवटून फुलतं. मध्येच पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते आणि वर्षाचा बहार जातो. दादानं बोअर बंद केला, आणि विहिरीच्या मोटरचं बटन त्यानं दाबलंच नाही. त्याच्या लेखी बटन न दाबणं म्हणजे पाणी बंद. चाळीस वर्षं तसंच होतं. मग तो कापूस वेचायच्या गडबडीत लागला. इकडे माती सुकली की डबा इमानदारीनं टक् करत राहिला. ठिबकचं पाणी दुरून दिसत नाही. सगळी बाग मलूल झाली आणि चाळीस झाडं तेवढी टवटवीत उभी राहिली, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं.

फोन ठेवून मी मुलीला सांगितलं. वायरमननं काढून ठेवलेला डबा दादानं गावच्या एका माणसाबरोबर पाठवून दिला, तो तिनं माळ्यावर टाकला. पुढचा रविवार आला, ती उठली नाही. त्याच्या पुढचाही तसाच गेला. “मी आजोबाची झाडं खराब केली,” एवढंच ती एकदा म्हणाली, आणि पुन्हा पूर्वीसारखी अंगठ्याकडे पाहू लागली. माझा जीव तुटत होता. झाडं पुढच्या वर्षी तरी फुलतील, ही पोरगी एकदा मिटली तर पुन्हा उघडेल की नाही, याची मला भीती वाटत होती.

तिसऱ्या रविवारी दारावरची बेल वाजली. सर होते. गुडघे धरत तीन जिने चढून आले होते आणि धापा टाकत होते. मी पाणी दिलं. तिची समजूत घालायला आले असतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी धीराचा एक शब्द काढला नाही. म्हणाले, “वही आण.” तिनं आणली. “शेवटचं पान कोरं आहे. ते लिही, मग वही बंद कर. मी काही म्हणणार नाही.” मग तिनं लिहिलं, ‘झाड’. सर म्हणाले, “झाड तर बोलत नाही. झाडाच्या वतीनं कोण बोलू शकलं असतं?” तिनं खाली लिहिलं, ‘मामा’.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तोंडाला कुलूप लावून उभी होते.

सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, “ताई, हा ताण म्हणजे नेमकं काय करतात? मले काहीच माहीत नाही.” सत्तरीच्या घरातला तो माणूस खिशातून पेन काढून, मांडीवर वही घेऊन माझ्यासमोर बसला. मी चार वाक्यं सांगितली. ते म्हणाले, हे पोरांनी ऐकलं पाहिजे. मुलगी येईल का असं त्यांनी विचारलंच नाही, म्हणून ती आली. आईच्या वर्गाला कोण जाणार नाही!

त्या रविवारी मी पहिल्यांदा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठून फळ्यासमोर उभी राहिले. मला वाटलं होतं, शहरातल्या पोरांना यात काय रस असणार. पण मी बोलत गेले तशी खोली गप्प होत गेली. पंख्याला जोडायची वायर हातात धरून एक पोरगा तसाच बसून राहिला होता. शेवटी त्यानं विचारलं, “काकू, म्हणजे झाडाले वाटते का आपण आता मरून राहिलो, म्हणून ते फुलते?” मला उत्तर माहीत नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “मलेही माहीत नाही. शोधा.” एवढी वर्षं मी संत्री खाल्ली, सोलली, लोकांना वाटली, पण तहानेतून फूल येतं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मला त्या पोरांच्या चेहऱ्यांवर दिसलं. मग एका पोरीनं विचारलं, “तुम्हाले हे पहिलेपासून माहीत होतं?” मी म्हटलं, “ऐकून होती.” आणि लगेच भाजीची पिशवी उचलली.

दादानं चाळीस झाडांचा ताण नव्यानं धरला होता, उशिरा का होईना. मुलीनं डबा माळ्यावरून काढला. यावेळी तिनं त्यातली मोटर सुरू करायची तारच काढून टाकली. नवा डबा कोणाला हुकूम देणार नव्हता. तो फक्त मातीचा आकडा रोज सकाळी मामाच्या आणि तिच्या फोनवर पाठवणार होता, पाणी कधी द्यायचं ते मामा ठरवणार होता. दादा आधी तयार नव्हता. “ठेव बाई तुह्यापाशी तो डबा,” म्हणाला. मग तिनं त्याला स्वतः फोन केला. “मामाजी, मागच्या वेळी मी फक्त मोटरबद्दल विचारलं होतं. आता झाडाबद्दल विचारून राहिली. तुम्ही सांगाल तसं करते.” मग दादा म्हणाला, “ये शनिवारी.”

त्यानंतर महिनाभर आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी आकडा यायचा. एकतीस. सत्तावीस. तेवीस. आकडा उतरला की पोरगी कासावीस व्हायची. इकडे दादा रोज विहिरीजवळच्या मातीची मूठ दाबायचा आणि फोनवर सांगायचा, गोळा टिकला की फुटला, पानं किती वळली. तिनं वहीत दोन रकाने आखले, एकात डब्याचा आकडा, दुसऱ्यात मामाची मूठ. आकडा चौदावर आला त्या दिवशी दादा म्हणाला, “बस. आता पाणी सोडतो.” ‘चौदा’भोवती तिनं लाल गोल काढला. पुस्तकात शोधून मिळाला नसता असा तो आकडा होता, आणि बाबांच्या मुठीला तो कायम ठाऊक होता. तो गोल मी कितीदा तरी उघडून पाहिला.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा आम्ही गावी गेलो. एसटीतून उतरलो तोच वास आला. बाकी बागेतला बहार ओसरून बारीक फळ धरलं होतं, म्हणजे हा वास बाबांच्या झाडांचा होता. मुलगी पुढे पळाली. मी पोहोचले तेव्हा ती झाडांमध्ये उभी होती, वर पाहत. डहाळ्या पांढऱ्या झाल्या होत्या, मधमाश्यांनी झाडं घुमत होती आणि तिच्या केसांवर पाकळ्या पडत होत्या. “आई,” ती म्हणाली, “आपण काहीच केलं नाही. फक्त थांबलो.” मी हो म्हटलं.

मग तिनं मोजलं. एकतीस झाडं फुलली होती. नऊ झाडांवर नुसती पानं होती. त्या नऊ झाडांपाशी ती एकेक करून गेली. विहिरीला लागून असलेल्या ओळीतलं तिसरं झाड त्यातलंच एक. दादा तिच्या मागे गेला आणि हसून म्हणाला, “हे झाड अशीच दगाबाजी करते. याले तुह्या मायनं बिघडवलं लहानपणी.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आठवते का वं तुले?”

आठवत होतं. मी आठ वर्षांची होते. ताणातलं ते झाड पाहून मला रडू यायचं. पाणी भरायची पितळी गुंडी घेऊन मी दुपारी, सगळे झोपले की, त्याच्या बुडाशी पाणी ओतायचे. त्या वर्षी सगळी बाग फुलली आणि ते एक झाड फुललं नाही. बाबांनी मारलं नाही. हात धरून मला झाडासमोर उभं केलं आणि म्हणाले, “याले तहान लागू द्या लागते बाई.” ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. उन्हाळ्यापासून मी त्या खोलीत बसले, डबा बनताना पाहिला, माती सुकली की पाणी सोडेल असं पोरगी दहा वेळा बोलली, आणि मी मेथी निवडत राहिले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मीच होते. नंतर कळलं तेव्हाही मी गप्प राहिले, आणि ‘मामा’ लिहू दिलं.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. “तुले माहीत होतं?”

“होतं,” मी म्हटलं. “डबा बनत होता तेव्हा मला सुचलंच नाही. मला वाटलं, हे मशीनचं काम आहे, यात आपण काय बोलायचं. आणि नंतर लाज वाटली.”

ती चिडेल असं मला वाटलं, मी तिच्या जागी असते तर आकाशपाताळ एक केलं असतं. तिनं पाठीवरची पिशवी काढली, वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. ‘झाड’, ‘मामा’. त्याच्या खाली तिनं लिहिलं, ‘आई’. मग ती त्या न फुललेल्या झाडाखाली मांडी घालून बसली, मधलं एक कोरं पान उघडलं आणि मला समोर बसायची खूण केली.

“आता सांग,” ती म्हणाली. “किती दिवस पाणी घातलं होतं? आणि रोज किती गुंड्या?”

इतक्या वर्षांत वही उघडून, पेन हातात धरून मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी पदरानं डोळे पुसले, खाली बसले आणि आठवून आठवून सांगायला लागले.